‘वॉर्म’ लिहिलेल्या दोन माळा, दोन रंग

वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत एकच रडगाणं फार आहे: गेल्या वर्षीची लायटिंगची माळ आणि यंदाची माळ शेजारी लावली की रंग जुळत नाही. श्रावण तोंडावर आहे. आमच्या खानदेशची कानबाई देवी येईल, मागोमाग गणपती, नवरात्र, दिवाळी, म्हणजे ही तक्रार आता वाढतच जाणार. म्हणून मिक्सरचे, इन्व्हर्टरचे आणि पंख्याचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते आणि या वेळी फक्त माळांवर बोलते. नव्या वाचकांसाठी सांगते: धुळ्यात नंबरच्या गल्ल्यांपैकी एकीत आमचं मंडप-लायटिंगचं दुकान आहे. सासरे गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे, नवऱ्याने ट्यूबलाईटच्या पट्ट्या दिल्या, माझ्या वाट्याला या माळा आल्या.

गच्चीच्या कठड्याला गेल्या दिवाळीत ‘वॉर्म व्हाईट’च्या चार माळा लावल्या होत्या. एक उंदराने कुरतडली म्हणून यंदा त्याच दुकानातून, त्याच कंपनीची, अगदी तेच खोकं आणलं. लावून पाहिलं तर जुन्या तीन छान पिवळ्या आणि नवी फिकट, थोडी हिरवटच. दुकानदार म्हणतो माल तोच आहे. आम्हाला फसवलं का?
— गृहिणी, अमळनेर

फसवलं नाही, ताई. खोकं तेच आहे, आतले दाणे वेगळे आहेत, आणि हे दुकानदाराला बहुधा माहीतही नसेल.

पांढरा उजेड देणारा एलईडी असा मुळात नसतोच. दाण्याच्या आत निळा उजेड देणारा एक बारीक तुकडा असतो, साधारण 450 नॅनोमीटरचा (ही उजेडाच्या लहरीची लांबी, तिच्यावर रंग ठरतो), आणि त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. थोडा निळा उजेड लेपातून तसाच बाहेर येतो, बाकीचा लेपात शिरून पिवळा होऊन येतो, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. लेप जाड बसला की उजेड पिवळट, पातळ बसला की निळसर. ‘वॉर्म’च्या लेपात लालसर फॉस्फरही मिसळतात. एवढ्याशा दाण्यावर हा लेप दर वेळी सारखाच बसवणं कोणत्याही कारखान्याला जमत नाही. त्यामुळे दाणे तयार झाले की यंत्र एकेक दाणा मोजतं आणि उजेड, रंग आणि व्होल्टेज बघून वेगवेगळ्या खणांत टाकतं. याला धंद्यात बिनिंग म्हणतात.

आता एकाच खणातला माल पाहिजे असेल तर त्याचे जादा पैसे पडतात. टीव्हीच्या पडद्यासाठी ते मोजतात. दीडशे-दोनशे रुपयांची माळ बनवणारा कशाला मोजेल? त्या हंगामात ज्या खणाचा माल स्वस्त मिळाला तो त्याने उचलला. पुढच्या हंगामात दुसरा खण स्वस्त होता, तो उचलला. खोक्याची छपाई तीच राहिली. एका माळेतले दाणे आपसांत बरे जुळतात कारण ते एकाच ढिगातून आलेले असतात. ब्लाऊजपीस घेताना आपण साडी सोबत नेतो आणि तरी कापड त्याच थानातलं मागतो, तसंच हे आहे. थान बदललं की छटा बदलली.

खोक्यावर 3000 के असं लिहिलेलं असतं, त्याच्यावरही फार विसंबू नका. के म्हणजे केल्व्हिन; आकडा लहान तेवढा उजेड पिवळा, मोठा तेवढा निळा. दिव्यांच्या रंगासाठी जे अमेरिकन मानक जगभर वापरतात, त्यात 3000 म्हणून विकलेला दिवा साधारण 2870 पासून 3220 पर्यंत कुठेही असला तरी पास होतो. 6500 चा दिवा तर 6020 ते 7040 मध्ये कुठेही चालतो. म्हणजे दोन्ही माळा नियमात बसूनही शेजारी ठेवल्यावर वेगळ्या दिसू शकतात. त्यात आणखी एक भानगड अशी की केल्व्हिनचा आकडा फक्त पिवळं-निळं सांगतो, हिरवट-गुलाबी सांगतच नाही. तंतोतंत 3000 चे दोन दिवे घेतले तरी एक हिरवट आणि दुसरा गुलाबी झाक मारू शकतो. तुमची नवी माळ ‘थोडी हिरवटच’ दिसते ती यामुळे. हे तुम्ही टिपलंत याचं मला कौतुक वाटलं, कारण बहुतेक लोक नुसतं ‘फिकट आहे’ म्हणून सोडून देतात.

माणसाच्या डोळ्याला रंगातला किती फरक कळतो हे डेव्हिड मॅकॲडम या अमेरिकन संशोधकाने 1942 साली मोजून काढलं. तेव्हापासून त्याच्या लंबवर्तुळांनी दिव्यांच्या रंगातला फरक मोजतात; लंबवर्तुळ जेवढ्या पट मोठं, तेवढ्या पायऱ्यांचा फरक. एका पायरीचा फरक जवळजवळ कोणालाच कळत नाही, तीन पायऱ्यांपर्यंतचा सहसा खपून जातो. वर सांगितलेल्या मानकातली सूट मात्र सात पायऱ्यांच्या जवळ जाते. मग अमळनेरच्या गच्चीवरून तो फरक का नाही दिसणार?

शिवाय तुमच्या जुन्या तीन माळासुद्धा गेल्या वर्षी होत्या तशा राहिलेल्या नाहीत. वापराने आणि उष्णतेने दाण्याभोवतीचं पारदर्शक रेझिन पिवळट होतं, फॉस्फर थकतो, उजेड उतरतो. स्वस्त मालात हे लवकर होतं. त्यातून त्या माळा पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवल्या असतील तर आपल्याकडच्या मे महिन्याने त्यांच्यावर काय केलं असेल ते मी सांगायला नको. बाहेर 45 असेल तेव्हा पत्र्याखाली हात लावून बघा. दाण्यांपेक्षाही आधी तिथे वायरचं प्लास्टिक कडक होतं.

‘पूर्वीच्या माळांना असं होत नव्हतं’ असं पुष्कळ जण म्हणतात, आणि ते खरं आहे. जुन्या बारक्या बल्बांत टंगस्टनची तार होती. तापलेल्या तारेच्या उजेडाचा रंग ती किती तापली यावर ठरतो. बनवणारा कोण, साल कुठलं, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. रंगीत माळांतही आत तीच तार असायची, रंग वरून चढवलेला. त्याचे पोपडे निघायचे, पण पांढऱ्यात पांढरं जुळायचं.

आता कठड्याचं. चौथी माळ कठड्यावर लावूच नका. डोळा फरक पकडतो तो सांध्यावर, जिथे एक रंग संपून लगेच दुसरा सुरू होतो. दोन माळांमध्ये दहा फुटांचा अंधार असेल तर तोच फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या तीन माळा थोड्या सैल, थोडं जास्त अंतर देऊन पूर्ण कठड्यावर पसरा. नवी माळ तुळशीवृंदावनाला किंवा फाटकाच्या कमानीला लावा. तिथे ती एकटी असेल आणि कोणी तिला नावं ठेवणार नाही. कठड्यावरच लावायची हौस असेल तर ज्या कोपऱ्यावर कठडा वळतो तिथून पुढे लावा. रस्त्यावर उभ्या माणसाला दोन्ही बाजू एकदम नीट दिसत नाहीत.

जुन्या आणि नव्या माळा सारख्याच संख्येने असत्या, म्हणजे दोन-दोन, तर मी वेगळं सांगितलं असतं: एक जुनी आणि एक नवी एकत्र पीळ देऊन सगळीकडे तशीच जोडी फिरवा. मग दोन्ही रंग सगळीकडे मिसळतात, सांधा राहतच नाही. आमच्या दुकानातून भाड्याने जाणारी मोठी लायटिंग निम्म्याहून अधिक याच पद्धतीने जाते, आणि लोक उलट विचारतात की ही ‘डबल शेड’ची माळ कुठे मिळते.

शहरातल्या दुकानात दोन माळा लावून, जुळवून, खात्री करून घेतल्या. गावी आणून संध्याकाळी लावल्या तर एक मंद आणि पिवळट, दुसरी ठीक. दुपारी लावल्या तर दोन्ही सारख्या. हे काय गौडबंगाल आहे?
— शेतकरी, शिरपूर तालुका

गौडबंगाल तुमच्या गावच्या व्होल्टेजचं आहे, दादा. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे, टीव्ही आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज उतरतं. ते दोन्ही माळांना सारखंच उतरतं, पण दोन्ही माळा ते सारखं सोसत नाहीत.

हिशेब करून दाखवते. साध्या माळेत दाणे एकामागे एक ओळीने जोडलेले असतात आणि सोबत एक रेझिस्टन्स असतो. पांढरा दाणा साधारण 3.1 व्होल्ट खातो. एका ओळीत 50 दाणे असतील तर झाले 155. घरातली 230 व्होल्टची वीज लाटेसारखी चढते-उतरते आणि त्या लाटेचं टोक 325 च्या आसपास असतं. त्यातून 155 गेले, उरले 170, आणि दाण्यांमधून जाणारा करंट या उरलेल्यावर ठरतो. संध्याकाळी 190 व्होल्ट झाले की टोक येतं 269 वर. दाणे आपले 155 सोडत नाहीत, उरतात 114. म्हणजे व्होल्टेज सहावा हिस्सा उतरलं आणि करंट तिसरा हिस्सा. दुसऱ्या माळेत ओळीला 30 च दाणे असतील तर ते 93 खातील आणि तिथला करंट फक्त चौथा हिस्सा उतरेल. पहिली माळ जास्त मंद पडली. आणि मंद पडलेला पिवळसर उजेड तेजस्वी उजेडाशेजारी आणखी पिवळा भासतो, रंग जवळपास तोच असला तरी.

म्हणून नुसता रंग जुळवून भागत नाही, एका ओळीत किती दाणे आहेत तेही जुळायला हवं. खोक्यावर ते क्वचितच लिहितात. वॅट आणि दाण्यांची एकूण संख्या दोन्ही खोक्यांवर सारखी असेल तर बहुधा आतली जोडणीही सारखी असते. आता घेतलेल्या माळांचं म्हणाल तर दोन्ही वेगळ्या भिंतींवर लावा. स्टॅबिलायझरचा खर्च या कामासाठी करू नका.

जुळवून कसं बघायचं तेही सांगते, कारण दुकानात लोक माळ हातात धरून दाण्याकडे टक लावून बघतात आणि दोन मिनिटांत डोळे दिपवून घेतात. दोन्ही माळा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. दुकानातली ट्यूब बंद करायला सांगा. प्रत्येक माळेचे दहा-बारा दाणे गोळा करून शेजारी-शेजारी ठेवा आणि वर पांढरा कागद किंवा दोन घड्यांचं धोतर टाका. आता दाण्याकडे बघायचं नाही, कापडावर पडलेल्या दोन डागांकडे बघायचं. हिरवट, गुलाबी, पिवळट, काय असेल ते लगेच समोर येतं. मोबाईलच्या फोटोवर निवाडा करायचा असेल तर दोन्ही डाग एकाच फोटोत घ्या. वेगवेगळे फोटो काढले की कॅमेरा प्रत्येक वेळी आपल्या मनाने पांढरा रंग ‘सुधारून’ घेतो, आणि व्हॉट्सॲपवर दोन्ही माळा बहिणी-बहिणी दिसतात.

आमच्याकडे यंदा भाऊबंदकीतल्या पाच घरांची मिळून कानबाई आहे. पाचही घरांतून माळा येणार आणि सगळ्या वेगळ्या. शिवाय मागच्या खेपेला देवीपुढचं कुंकू आणि लाल शालू एकदम मळकट दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, “कुकू कायं कसं दिखस वं माय?” (कुंकू काळं कसं दिसतंय गं बाई?) काय करावं?
— सून, पारोळा

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. आधी त्यांचंच घेते.

वर म्हटलं तसा हा पांढरा उजेड निळा आणि पिवळा मिळून होतो. त्यात गडद लाल फारच कमी असतो, ‘कूल’ म्हणजे निळसर पांढऱ्या माळांत तर नावालाच. कुंकू लाल दिसायचं तर त्याच्यावर लाल उजेड पडावा लागतो. जो पडलाच नाही तो परत कसा येणार? मग कुंकू तपकिरी, शालू मळका, आणि हळद मात्र झकास. दिवा रंग किती खरे दाखवतो याला सीआरआय नावाचा आकडा आहे. टंगस्टनच्या बल्बचा तो 100 धरतात. चांगल्या एलईडी बल्बवर 80 किंवा 90 छापलेला असतो, माळांवर तो छापतच नाहीत.

म्हणून देवीवर उजेड पाडायचं काम माळांकडून काढून घ्या. समोरून, थोडा वरून, 2700 ते 3000 केल्व्हिनचा आणि सीआरआय 90 लिहिलेला एकच एलईडी बल्ब लावा. नेहमीच्यापेक्षा महाग मिळेल, पण पाच घरांत वाटला तर काहीच नाही. 2700 असेल तर उत्तम, कारण शेजारी समई तेवते आणि ज्योतीचा रंग 1900 केल्व्हिनच्या आसपास असतो. तिच्याजवळ निळसर पांढरा दिवा आला की समई बिचारी मातकट दिसते. कोणाच्या घरी जुना पिवळा 40 वॅटचा बल्ब उरला असेल तर तोही देवीला साजरा दिसेल, फक्त तो तापतो. फुलं, पडदा आणि कापडी मखर यांच्यापासून हातभर लांब ठेवा, आणि रात्रभर गाणी चालणार असतील तर मधूनमधून हात लावून बघा.

आता पाच घरांच्या माळा. सगळ्या एकत्र गोळा करून कोणती कुठे बसते ते संध्याकाळी वाद घालत ठरवू नका, आदल्या दिवशी, शनिवारीच जमिनीवर मांडा. मखरात डोळा डावी-उजवी बाजू ताडून बघतो, वरची आणि खालची फारशी बघत नाही. म्हणून ज्या घराच्या दोन माळा एकाच वेळी घेतलेल्या असतील त्यांची एक डावीकडे, एक उजवीकडे. ज्याची एकच माळ आहे ती मधे वर, कमानीला. उरलेल्या सगळ्या पडद्याच्या मागे सोडा. पातळ पांढऱ्या कापडामागे हातभर अंतरावर माळ असली की दाणे दिसत नाहीत, नुसती झळाळी दिसते, आणि तिथे तीन प्रकारचे पांढरे एकत्र आले तरी कोणाला कळत नाही. ‘आमची माळ मागे का लावली’ हा प्रश्न येईल. त्याला माझ्याकडे वायरिंगचं उत्तर नाही. तो तुम्ही सोमवारी विसर्जनाच्या वाटेवर सोडवा.

रंगीत माळांमध्ये जुनी-नवी मिसळली तर चालते का?
— रावेर

लाल बिनधास्त मिसळा. लाल एलईडी 620 ते 630 नॅनोमीटरच्या आसपास असतात आणि त्या भागात डोळा थोड्या फरकाला दाद देत नाही. पिवळा मात्र टाळा. 590 च्या आसपास डोळा फार चिकित्सक आहे, दोन-तीन नॅनोमीटर सरकले की एक माळ लिंबासारखी आणि दुसरी नारिंगी दिसते. हिरव्यात जुन्या पद्धतीचा पोपटी, 570 च्या जवळचा, आणि आताचा गर्द, 525 च्या जवळचा, असे दोन वेगळेच प्रकार आहेत. त्यांना एकत्र आणू नका. आताचा हिरवा करंट कमी झाला की किंचित पिवळ्याकडेही झुकतो. निळा ठीक. गुलाबीच्या वाटेला जाऊ नका, स्वस्त गुलाबी एका हंगामात उडतो आणि मग जुन्या-नव्याची तुलना करण्यासारखं काही उरत नाही.

आमच्या मंडळाने गेल्या वर्षी पिक्सेल लाईटचे गुच्छ घेतले, यंदा आणखी घेतले. कंट्रोलरवर लाल दिला की जुने लाल होतात, नवे हिरवे! पांढरा दिला तर जुन्या-नव्याचा रंग जुळत नाही, आणि शेवटच्या टोकाला सगळेच लालसर पडतात. गणपतीला वेळ कमी आहे.
— मंडळाचे कार्यकर्ते, भुसावळ

तीन वेगळे रोग आहेत, तिन्ही बरे होतात.

लालचा हिरवा होतो तो क्रमाचा घोळ आहे. पिक्सेल म्हणजे ज्याचा रंग कंट्रोलरवरून बदलता येतो असा दाणा; त्याला रंगाचे तीन आकडे एकामागे एक जातात. काही मालात पहिला आकडा लालचा असतो, काहीत हिरव्याचा. डब्ल्यूएस2811 चिपचा माल बहुधा लालपासून सुरू होतो, डब्ल्यूएस2812 चा हिरव्यापासून. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये रंगांचा क्रम बदलायची सोय असते. नव्या गुच्छांना वेगळ्या पोर्टवर घ्या आणि त्या पोर्टचा क्रम आरजीबी (लाल-हिरवा-निळा) ऐवजी जीआरबी (हिरवा-लाल-निळा) करा. एकाच तारेवर जुने-नवे मिसळून जोडले असतील तर तोडून वेगळे करा, त्याला इलाज नाही.

टोकाला लालसर पडतात ते वायर बारीक असल्यामुळे. पाच व्होल्टच्या गुच्छांत पुढे जाता जाता व्होल्टेज गळत जातं. निळ्या आणि हिरव्या दाण्याला तीन-सव्वातीन व्होल्ट लागतात, लालचं दोनात भागतं. व्होल्टेज उतरलं की आधी निळा मरतो, मग हिरवा, आणि पांढऱ्यात शेवटी लाल एकटा उरतो. जाड वायरने दुसऱ्या टोकालाही पुरवठा द्या, लांबी जास्त असेल तर मधेही. दोन वेगळे पॉवर सप्लाय वापरत असाल तर त्यांचे निगेटिव्ह एकत्र जोडा, पॉझिटिव्ह एकत्र जोडू नका.

आणि पांढऱ्याचं म्हणाल तर तुम्ही नशीबवान आहात. आजच्या सगळ्या पत्रांत रंग खरोखर जुळवता येतो तो फक्त तुमचा. साध्या माळेचा रंग कारखान्यात ठरून जातो, पिक्सेलचा तुमच्या हातात असतो. जुने आणि नवे शेजारी ठेवा, वर पांढरं कापड टाका, दोघांना पूर्ण पांढरा द्या, म्हणजे तिन्ही आकडे 255. नवे निळसर दिसले तर नव्यांचा निळा 255 वरून थोडा-थोडा खाली आणा, हिरवट वाटले तर हिरवा खाली आणा. दोन डाग एक झाले की ते आकडे लिहून ठेवा आणि नव्या पोर्टला कायमचे द्या. एक मात्र पाळा, जो गट जास्त तेजस्वी आहे त्यालाच खाली ओढा. जुने दाणे थकलेले असतात, त्यांच्याकडून जास्त मागून मिळत नाही.

हे काम करायला घाईतला, मिरवणुकीच्या गाण्यांवर बोलणारा मुलगा बसवू नका. मंडळात एखादी रांगोळी काढणारी मुलगी असेल तर तिला बसवा.

कूल माळेच्या दाण्यांना पिवळ्या नेलपॉलिशने रंगवलं तर वॉर्म होईल ना?
— कॉलेजची विद्यार्थिनी, नंदुरबार

होईल, थोडे दिवस. नेलपॉलिशमधल्या ॲसिटोनसारख्या द्रावणाने प्लास्टिकची टोपी पांढुरकी पडते किंवा तडकते, म्हणून ते नको. हस्तकलेच्या दुकानात काचेवर लावायचे पारदर्शक रंग मिळतात, त्यातला फिकट अंबर घे आणि माळेची पिन काढून, पातळ हात मारून, पूर्ण वाळू दे. उजेड कमी होईल हे धरून चाल. वॉर्मची कूल मात्र नीट करता येत नाही. निळा उजेड मुळातच थोडा बाहेर येतो, तो रंगातून कुठून वाढवणार? आणि पन्नास दाणे रंगवायला बसण्यापेक्षा ती माळ कागदी आकाशकंदिलात सोडलीस तर कागदाच्याच रंगाची होईल.

माळेतला एक दाणा गेला की अर्धी माळ बंद पडते. आमचा इलेक्ट्रिशियन गेलेला दाणा काढून वायर सरळ जोडून देतो. बरोबर आहे का?
— निवृत्त शिक्षक, चाळीसगाव

एखाद्या वेळी चालून जातं, सर, पण सवय लावू नका. ओळीतून दाणा कमी झाला की त्याचं व्होल्टेज बाकीच्यांवर आणि रेझिस्टन्सवर पडतं, करंट वाढतो. चार-पाच दाणे असे गाळले की उरलेले जोरात पेटतात, तापतात आणि लवकर जातात. तेवढी अर्धी माळ दुसरीपेक्षा उजळ दिसू लागते ते वेगळंच. गेलेल्याच्या जागी त्याच लॉटच्या मेलेल्या माळेतून काढलेला दाणा घालायचा, त्याच रंगाचा, लांब पाय पॉझिटिव्हकडे. म्हणून उंदराने कुरतडलेली माळ भंगारात टाकू नका, डब्यात ठेवा. अमळनेरच्या ताईंनीही हे वाचावं. आणि काम करताना नुसतं बटण बंद करून थांबू नका, पिन भिंतीतून काढा. यातल्या बऱ्याच माळा थेट 230 व्होल्टवर चालतात.

मी जळगावात इलेक्ट्रिकचं किरकोळ दुकान चालवतो. कानबाईपासून कार्तिकीच्या रथापर्यंत हंगाम असतो. दर वर्षी पाच-दहा गिऱ्हाईकं ‘रंग जुळत नाही’ म्हणून माळ परत आणतात, भांडतात. घाऊकवाला परत घेत नाही. आम्ही काय करायचं?
— दुकानदार, जळगाव

भाऊ, घाऊकवाला घेणार नाहीच. तुमच्या हातात दोन-तीन गोष्टी आहेत, त्या करा.

माल आला की कार्टन फोडून सगळी खोकी एकाच फळीवर रचू नका. कार्टनवर लॉट क्रमांक किंवा निदान महिना-साल असतं. एका लॉटचं एक फडताळ, दुसऱ्याचं दुसरं, आणि गेल्या वर्षीचा उरलेला माल तिसरीकडे. तुमच्या नोकराने घाईत एक खोकं वरच्या फळीवरून आणि तीन खालच्या फळीवरून दिली की तिथेच भांडणाचं बीज पडलं. नव्या कार्टनमधल्या वरची, मधली आणि तळाची अशा तीन माळा लावून कापडाखाली बघा. त्याच जुळत नसतील तर ते कार्टन मोठ्या ऑर्डरला देऊ नका, सुट्या गिऱ्हाइकाला एकेक करून विका.

गिऱ्हाइकाला आधीच विचारा: किती फूट लावायचंय? हिशेबात चार माळा बसल्या तर पाच घ्यायला सांगा. पाचवी तुमची विक्री, आणि त्याची पुढच्या वर्षीची सोय. लोक याला नाही म्हणत नाहीत, कारण त्यामागचं कारण सांगितलेलं असतं. ‘तंतोतंत तोच रंग’ असं तोंडी वचन देऊ नका. खोक्यावर बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा, ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बघून माल ठेवा, पण गिऱ्हाइकाला तो रंगाची हमी म्हणून दाखवू नका, तो सुरक्षेसाठी असतो.

आणि बिल करताना माळेच्या पिनेजवळ कागदी टेपचा तुकडा लावून त्यावर लॉट आणि साल लिहून द्या. साध्या बॉलपेनने नको, दोन पावसांत उडतं. मार्करने लिहा. पुढच्या वर्षी तोच माणूस तो तुकडा दाखवून माळ मागेल, आणि तो लॉट तुमच्याकडे उरला नसेल तर तसं त्याला पैसे घेण्याआधीच सांगता येईल.